चारशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर आणि जुनी डिझेल गाडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीचे एक दादा आहेत, गाडी २००९ ची कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच पाइपातून, म्हणजे रेलमधून, जबर प्रेशरने डिझेल देणारी) डिझेल एसयूव्ही, पासिंग साताऱ्याचं. महापे-शीळ रस्त्याच्या चढाला गाडी भरलेली असली की तिसऱ्या गिअरवर अचानक दम सोडते, चेक इंजिनची लाईट पेटते, आणि बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की परत काही झालंच नाही अशी पळते. यांनी गाडीतले फॉल्टचे कोड फोनवर वाचायला ऑनलाइन चारशे रुपयांचा निळा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. त्यात लाल लाईट लागते, फोनलाही जोडला जातो, पण अ‍ॅप म्हणतं ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सापडत नाही. तिकडे मेकॅनिक म्हणतोय डिझेलचा पंप गेला. आता स्कॅनर बदलू, मेकॅनिक बदलू की गाडीच काढून टाकू, असं विचारलंय.

दादा, एवढ्यात तिन्ही नको. मी ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला गाड्यांचं इलेक्ट्रिकल आणि डिझेलचं काम करतो आणि हे निळे डबे घेऊन माझ्याकडे सारखं कोणी ना कोणी येत असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या लाल लाईटचं. स्टिअरिंगखालच्या ज्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावतात, त्यात १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा करंट थेट येतो, चावी काढलेली असली तरी. त्यामुळे स्कॅनर खोचला की लाईट लागणारच, तिचा अर्थ एवढाच की डब्याला करंट मिळाला. फोनला जोडला गेला म्हणजे फोन आणि डबा यांचं बोलणं सुरू झालं. डबा आणि इंजिनचा ईसीयू यांचं बोलणं ही तिसरी गोष्ट, आणि तुमचं घोडं तिथेच अडलंय. लोक पहिल्या दोन गोष्टी बघून म्हणतात स्कॅनर तर चालतोय म्हणजे ईसीयूच गेला असणार, आणि मग कोणीतरी खरंच ईसीयू रिपेअरला काढून देतो. असं करू नका.

आता गाडी कुठल्या काळातली आहे ते महत्त्वाचं. क्वालिस, जुनी सुमो, जुनी डीआय बोलेरो, या मेकॅनिकल पंपाच्या गाड्या. तिथे इंजिनवर नजर ठेवणारा कॉम्प्युटरच नाही, मग स्कॅनर विचारणार कोणाला? अशा गाडीला धुराचा रंग, नॉझल, टायमिंग, कान आणि नाक हेच स्कॅनर. मग २००५ च्या आसपासपासून कॉमन रेल घराघरात आली, इनोव्हा, सफारीची डायकोर, २००७ ला डिझेल स्विफ्ट वगैरे. यांच्यात ईसीयू आहे, सेन्सर आहेत, कोड साठवले जातात, पण ते सगळं कुठल्याही परक्या स्कॅनरला कळेल अशा कॉमन भाषेत सांगायची सक्ती कायद्याने तेव्हा नव्हती. आपल्याकडे बीएस-४ (भारत स्टेज ४, धुराच्या प्रदूषणाचा नियम) गाड्यांना ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे फॉल्ट ओळखून सांगायच्या नियमाचा, पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून आला. त्यातही बीएस-४ स्वतः २०१० ला मुंबईसकट १३ शहरांतच आलं, सगळ्या देशात यायला एप्रिल २०१७ उजाडलं. म्हणजे २०१२ ची एमएच-०४ (ठाणे) किंवा एमएच-४३ (नवी मुंबई) ची गाडी आणि त्याच वर्षाची तेच मॉडेल असलेली एमएच-११ (सातारा) ची गाडी, बाहेरून सारखी, आतून वेगळी निघू शकते. सेकंडहँड घेणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही, ते मित्राच्या गाडीला लागला तोच स्कॅनर आणतात. तुमची तर २००९ ची, सगळ्याच्याच आधीची, त्यामुळे ती नियमाच्या भरवशावर नाही, कंपनीच्या मर्जीवर आहे.

तर स्कॅनरवर आणखी एक रुपया घालायच्या आधी मोबाईलची टॉर्च घ्या आणि स्टिअरिंगखाली वाकून सॉकेटमध्ये बघा. रुंद बाजू वर ठेवली तर वरच्या रांगेत डावीकडून १ ते ८, खालच्या रांगेत ९ ते १६. सोळाही खाचांमध्ये धातूची पिन नसते, मोजक्यांतच असते. ४ आणि ५ अर्थिंग, १६ करंट, या असणारच. वरच्या रांगेत उजवीकडून दुसरी, ७ नंबर, तिच्यात पिन दिसली तर के-लाइन, म्हणजे जुनी एका वायरची पद्धत. उजवीकडून तिसरी वरची आणि तिच्या बरोबर खालची, ६ आणि १४, या दोन्हींत पिन दिसल्या तर कॅन, म्हणजे नवी, दोन वायरची पद्धत. या तिन्ही रिकाम्या असतील तर असला साधा स्कॅनर त्या सॉकेटवर कितीही महागाचा लावा, काही बोलणार नाही. बघता बघता पिनांचा रंगही बघा. खाडीकाठच्या सोसायट्यांमध्ये खालच्या पार्किंगला उभ्या गाड्यांच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखं चढतं, पावसाळ्यात एकदा पाणी आत आलं असेल तर हमखास. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने साफ करायचं, पिनेत सुई-टाचणी घालून पसरवायची नाही, एकदा ती सैल झाली की कुठलाच स्कॅनर नीट बसत नाही.

माझा अंदाज, तुमच्यात ७ नंबर असणार. के-लाइन फार संथ असते. सुरुवातीला स्कॅनर ईसीयूला हाक मारतो ती सेकंदाला ५ बिट या वेगाने, म्हणजे एक बाइटचा पत्ता पाठवायलाच २ सेकंद जातात, मग ईसीयू उत्तर देणार, मग पुढचं. अ‍ॅप ऑटोवर असलं की ते एकेक पद्धत ट्राय करत बसतं आणि के-लाइनची पाळी येईपर्यंत काही अ‍ॅप कंटाळून सोडून देतात. म्हणून अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोटोकॉल, म्हणजे बोलायची पद्धत, हाताने निवडा. यादीत के-लाइनचे आयएसओ ९१४१-२, मग केडब्ल्यूपी ५ बॉड, मग केडब्ल्यूपी फास्ट असे असतात, साधारण ३, ४, ५ नंबरला. एकेक निवडायचा, चावी ऑन, इंजिन बंद, आणि अर्धा मिनिट शांत बसायचं. लागला नाही तर चावी पूर्ण बंद करून दहा सेकंद थांबून पुढचा. काही गाड्या चावी ऑन असताना लगेच ओळख देतात पण इंजिन चालू असताना नाही देत, तेव्हा आधी जोडा, मग सेल्फ मारा.

तरीही नाही लागला तर दोन शक्यता. एक, गाडीचा ईसीयू फक्त कंपनीच्याच पत्त्याला उत्तर देतो, कॉमन पत्त्याला नाही. तिथे तीन हजाराचा स्कॅनर आणला तरी तेच होणार, पैसे घालवू नका, मल्टिब्रँड (सगळ्या कंपन्यांच्या गाड्या वाचणारा) स्कॅनर असलेल्याकडे काही शे रुपये देऊन एकदा वाचून घ्या. दुसरी, डबाच लंगडा आहे.

डबा लंगडा कसा असतो ते सांगतो. या सगळ्या डब्यांमध्ये जी चिप असल्याचा दावा असतो ती ईएलएम ३२७, कॅनडाच्या एका छोट्या कंपनीची. तिच्या अगदी पहिल्या व्हर्जनला कॉपी प्रोटेक्शन नव्हतं, ते कोणीतरी उचललं आणि मग जगभर नकला सुटल्या. मूळ कंपनी २०२२ ला बंदसुद्धा झाली, नकला जोरात आहेत. गंमत म्हणजे बाजारात १.५ व्हर्जन म्हणून जे विकतात ते मूळ कंपनीने कधी काढलंच नव्हतं, तरी त्यातले बरेच चांगले निघतात, आणि २.१ लिहिलेल्या एवढ्याशा डब्यांमध्ये बऱ्याचदा निम्म्या कमांड गायब असतात. नंबर मोठा म्हणून माल नवा, असं नाही इथे. नेमकं जे कापलेलं असतं ते जुन्या गाड्यांना लागणारंच असतं, के-लाइनची संथ हाक, आणि लाइन जिवंत ठेवायला मध्येमध्ये द्यावी लागणारी टोचणी, ती साधारण ५ सेकंदांत नाही मिळाली तर ईसीयू फोन ठेवून देतो. मग अ‍ॅपवर आकडे दिसतात, गोठतात, परत दिसतात. ऑनलाइन रिव्ह्यूमध्ये पाच स्टार देणारे बहुतेक कॅनवाल्या नव्या गाड्यांचे मालक असतात, त्यांच्या गाडीला तोच डबा खरंच छान चालतो, त्यांचं खोटं नाही, पण तो तुमच्या गाडीचा रिव्ह्यू नाही. चिप तपासणारी फुकट अ‍ॅप मिळतात, ती डब्याला एकेक कमांड देऊन कुठल्या येतात ते दाखवतात, पाच मिनिटांचं काम. परत करायची मुदत संपायच्या आत करा.

समजा आता जोडला गेला. इथे लोक पहिलं काय करतात तर कोड बघतात आणि लगेच क्लिअर मारतात, कारण लाईट गेली की बरं वाटतं. कोडबरोबर काही गाड्यांमध्ये तो क्षण साठवलेला असतो, किती आरपीएम होते, किती लोड, किती टेंपरेचर, आणि क्लिअर केलं की तेही जातं. आधी स्क्रीनशॉट. पेंडिंग कोड वेगळे, पक्के वेगळे, दोन्हीचे. पी० ने सुरू होणारे कोड सगळ्यांना सारखे, पण पी१ वाले कंपनीचे स्वतःचे असतात आणि फुकटातलं अ‍ॅप तिथे भलत्याच कंपनीचा अर्थ छापतं, त्यावर विश्वास ठेवून पार्ट मागवायचा नाही.

मग लाइव्ह डेटा, आणि तोही सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, सेल्फ मारायच्या आधी. हे कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त इथेच कळतं. चावी ऑन, इंजिन बंद. मॅप, म्हणजे इनटेकचं प्रेशर, आपण समुद्रसपाटीला असल्यामुळे १०० केपीएच्या आसपास दिसलं पाहिजे. कूलंटचं टेंपरेचर आणि हवेचं टेंपरेचर जवळजवळ सारखं दिसलं पाहिजे, कारण रात्रभरात सगळं एकाच पातळीला आलेलं असतं. एक २८ आणि दुसरं ५५ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर, पुढचं काही बघायच्या आधी ते. रेल प्रेशर शून्याच्या जवळ. बॅटरी १२.४ च्या वर हवी, पण हा आकडा स्वस्त डब्यात थोडा इकडेतिकडे असतो, मल्टिमीटर लावून एकदा फरक बघून ठेवा. जुन्या गाडीत बॅटरी मरायला आली की कोडांची जत्रा भरते, एबीएसपासून इमोबिलायझरपर्यंत, आणि सगळे खोटे.

इंजिन चालू केल्यावर आयडलला रेल प्रेशर साधारण २५० ते ३५० बार. अ‍ॅप केपीएमध्ये दाखवतं, १०० ने भागा, ३०,००० म्हणजे ३०० बार. या काळातल्या कॉमन रेल पूर्ण लोडला १३५० ते १६०० बारपर्यंत जातात. एक अडचण सांगतो, गाडी स्टार्टच होत नसेल तेव्हा सेल्फ मारताना रेल किती चढतो ते बघायचं असतं, पण त्याच क्षणी व्होल्टेज पडतो आणि स्वस्त डबा रिसेट होतो, नेमका लागतो तेव्हाच गायब. जंपर लावून दुसऱ्या बॅटरीचा आधार दिला तर बऱ्याचदा टिकतो. आणि तुमच्या गाडीत कॉमन यादीत रेल प्रेशर येईलच असं नाही, कधी फक्त आरपीएम, टेंपरेचर आणि मॅप एवढंच येतं. तेवढ्यावरही काम होतं.

तुमच्या केसमध्ये चढावर बघायचं. के-लाइनवर एका वेळी दहा मीटर लावलेत तर प्रत्येक आकडा कित्येक सेकंद जुना असेल, म्हणून फक्त तीन ठेवा, आरपीएम, मॅप, रेल. रेकॉर्डिंग चालू करा आणि फोन शेजारच्याच्या हातात द्या, त्या रस्त्याला कंटेनर मागेपुढे असतात, चालवणाऱ्याने स्क्रीन बघायची नाही. गाडीने दम सोडला त्या सेकंदाला काय पडलं ते महत्त्वाचं. टर्बो नीट असेल तर अशा गाड्यांत पूर्ण लोडला मॅप २०० ते २३० च्या आसपास जातो, म्हणजे हवेचे १०० सोडून एक-सव्वा बार बूस्ट. मॅप आधी पडला आणि रेल टिकून असेल तर इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारा) होस फाटलेला, क्लॅम्प सैल, व्हॅक्यूमची छोटी नळी तडकलेली, ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला, असल्या गोष्टी. होसची चीर थंड असताना दिसत नाही, प्रेशर आलं की तोंड उघडते, तेलकट डाग पडलेला असतो तिथे बोट फिरवा.

आणि रेल आधी पडला, कोड पी००८७ असेल, तर म्हणजे रेलला हवं तेवढं प्रेशर मिळालं नाही. एवढंच. पंप गेला असं त्या कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नाही, पण हा कोड दिसला की आपल्याकडे सरळ पंपाचं एस्टिमेट हातात पडतं. पहिला संशय डिझेल फिल्टरवर. कधी बदललाय, खालून पाणी कधी काढलंय, हे विचारा स्वतःला. आयडलला आणि सपाट रस्त्याला अर्धा बंद फिल्टर पुरतो, चढाला नाही पुरत, तुमचं लक्षण तंतोतंत तेच आहे. दुसरं, टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनमध्ये एअर घेते का, फिल्टरनंतर थोडा पारदर्शक पाइप घालून बुडबुडे बघायचे. तिसरं इंजेक्टरचं रिटर्न.

रिटर्नची टेस्ट कुठलाही स्कॅनर करून देत नाही आणि ती सगळ्यात खरी. चारही इंजेक्टरच्या वरची रिटर्नची छोटी नळी काढायची, प्रत्येकाला पारदर्शक नळी लावून सारख्या मापाच्या चार बाटल्या लटकवायच्या, मूळ रिटर्न लाइनचं तोंड बंद करायचं, आणि इंजिन आयडलला काही मिनिटं चालवायचं. चारही बाटल्यांत डिझेल जवळपास सारखं जमायला हवं. तीन बाटल्यांत तळाला आणि चौथीत अर्ध्यापर्यंत आलं तर तो इंजेक्टर आतून गळतोय, पंप बिचारा जेवढं बनवतो तेवढं तो परत टाकीत पाठवतो. अशा वेळी नवा पंप टाकला तर काही महिने गाडी बरी चालते आणि परत तेच. माझ्याकडे अशी एक सात-सीटर आली होती, पंप नवाकोरा, बिल सोबत, आणि दुसऱ्या नंबरच्या इंजेक्टरची बाटली बाकीच्या भरायच्या आत वाहायला लागली. मालक बाटलीकडे बघतोय आणि बिलाकडे बघतोय.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. जुने फिटर मेकॅनिकल पंपाच्या गाडीत मिसिंग शोधायला चालू इंजिनवर एकेका नॉझलचं नट सैल करायचे. कॉमन रेलवर हे कधीच करायचं नाही. आयडललाच तीनशे बारच्या आसपास प्रेशर असतं, डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते, वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आतून हात जातो. रिटर्नच्या नळ्या कमी प्रेशरच्या असतात, त्यांनाच हात लावायचा, आणि तेही इंजिन बंद करून. हाय प्रेशरचे स्टीलचे पाइप पंपवाल्यावर सोडा.

या डब्याकडून काय होत नाही तेही बोलून टाकू. नवा इंजेक्टर टाकला की त्याच्यावर छापलेला कोड ईसीयूत भरावा लागतो, ते या डब्याने होत नाही. नवी किल्ली गाडीला ओळखायला शिकवणं नाही, एबीएस-एअरबॅगचे कोड बहुतेक वेळा नाहीत. आणि यूट्यूब बघून याच डब्याने ईसीयूत काही लिहायला, मॅपिंग (ईसीयूचं सेटिंग बदलणं) करायला जाऊ नका, मध्येच ब्लूटूथ तुटलं तर ईसीयू टेबलावर उघडावा लागतो. अ‍ॅपमधला अ‍ॅव्हरेजचा मीटर पण बंद करून टाका. ते अ‍ॅप आत आलेली हवा मोजतं आणि पेट्रोलच्या प्रमाणाने, १४.७ ला १, असं धरून इंधन काढतं. डिझेल इंजिन त्याहून कितीतरी जास्त हवेवर चालतं, आयडलला तर फारच, त्यामुळे घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहिलात की अ‍ॅप असं अ‍ॅव्हरेज दाखवतं की रडू येईल. टाकी फुल करून किलोमीटर मोजा.

दुसरा घ्यायचाच झाला तर, आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालणार नाही, ब्लूटूथ एलई किंवा वायफायचा लागतो, आणि वायफायवाल्यात फोन इंटरनेट नाही म्हणून आपोआप मोबाईल डेटावर उडी मारतो, डेटा बंद ठेवायचा. अँड्रॉइडला ब्लूटूथच बरा. दीड ते तीन हजारात बऱ्या चिपचे मिळतात, के-लाइनवर टिकतात, पण ईसीयू कॉमन भाषा बोलतो का ते मल्टिब्रँडवाल्याकडून कळल्याशिवाय घेऊ नका. काही अ‍ॅपमध्ये कंपनीनुसार प्रोफाइल असतात, तुमच्या मॉडेलचं असेल तर चांगली चिप कामाला येते. घरचा ट्रक किंवा मोठा टेम्पो असेल, २४ व्होल्टचा, तर हा डबा त्याला लावू नका, बऱ्याच स्वस्त डब्यांचा रेग्युलेटर १२ धरून बसवलेला असतो, धूर निघतो.

आणि काम झालं की काढून ठेवा. १६ नंबरला करंट कायम असतो, डबा ५० मिलिअँप जरी खात असेल तरी दिवसाला सव्वा अँपिअर-तास झाला, गणपतीला गावाला जाऊन दहा-बारा दिवसांनी आलात तर जुन्या बॅटरीचं काय होईल ते समजून जा. शिवाय पासवर्ड १२३४ किंवा ००००, वायफायवाल्याला बऱ्याचदा तोही नाही, पार्किंगमध्ये कोणीही जोडू शकतो. आणि पेडलच्या वर बाहेर आलेला असतो, गुडघा लागला की सॉकेट मोडतो, फूटभर एक्स्टेंशन केबल घ्या.

तर तुम्ही क्रमाने असं करा. या आठवड्यात डिझेल फिल्टर बदला, जुन्या फिल्टरमधलं डिझेल काचेच्या बरणीत ओता आणि तासभर ठेवून खाली पाणी बसतंय का बघा. सॉकेटच्या पिना बघून प्रोटोकॉल हाताने लावून बघा. जोडला गेला तर चढावरचं रेकॉर्डिंग करा, नाही गेला तर मल्टिब्रँडवाल्याला शेजारी बसवून त्याच चढावर न्या, गॅरेजमध्ये उभ्या गाडीचं स्कॅनिंग तुमच्या उपयोगाचं नाही, फॉल्ट लोडवरच येतो. पंपवाल्याला पैसे द्यायच्या आधी चार बाटल्या लावायला सांगा, समोर उभे राहा. कोडचा स्क्रीनशॉट, रेकॉर्डिंग आणि बाटल्यांचा फोटो इथेच टाका, मग पंपाचं बघू.